रिकामे हात

"गणपती घडवणाऱ्याच्या कारखान्यात या भेसूर बाईचा फोटो कशाला?" बेळगावच्या अनगोळला माझ्याकडे मूर्ती ठरवायला येणाऱ्या मंडळांनी हे इतक्यांदा विचारले आहे की, आता एकदाच नीट लिहितो.

फोटो स्विस शिल्पकार अल्बेर्तो जाकोमेत्ती यांच्या १९३४ सालच्या 'पोकळी धरणारे हात' या शिल्पाचा आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, अतिवास्तववादी, म्हणजे समोरच्या जगापेक्षा स्वप्न आणि सुप्त मन मानणाऱ्या कलावंतांच्या शिल्पांच्या दालनात, मी त्याची ब्राँझची प्रत पाहिली. जेमतेम पाच फुटांची ती बाई धड उभी नाही, धड बसलेली नाही. नडग्यांवर आडवी फळी, दोन्ही हात छातीसमोर, बोटे काही तोलून धरल्यासारखी वळलेली आणि मध्ये काहीच नाही. तोवर मीच कारागिरांना सांगत असे की, ज्यांना हात जमत नाहीत ते असली सोंगे करतात. ते साफ चूक होते. आम्ही मूर्तीच्या हातात मोदक देतो, पाश-अंकुश देतो, की हाताला काम मिळते. येथे काहीही न देता बोटांतला ताण टिकवला आहे.

पण हे झाले कारागिराचे उत्तर.

माझ्या बाबांचा जन्म शाडू मळण्यात गेला. पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यानंतर त्यांचे हात असेच छातीसमोर येऊन थांबले. स्नायू आखडतात, असे डॉक्टरांनी सांगितले. मी मात्र ठरवून टाकले की त्यांना माती हवी आहे. बाहेर मूर्तींचे रंगकाम चालू होते. मी खानापूरच्या मातीचा गोळा मळला, त्यांच्या हातांत ठेवला आणि एकेक बोट त्याभोवती मिटवले. बाबांनी माझ्याकडे पाहिले. बोटे सैल झाली, गोळा गोधडीवर घरंगळला, आणि हात पुन्हा तेवढेच अंतर राखून पहिल्या जागी आले. मी परत ठेवू लागलो तेव्हा आई म्हणाली, "पुरे कर रे, त्यांना त्रास होतोय."

त्या दालनात मला बाबा दिसले. अतिवास्तववादी शिल्पात मी घरचा माणूस पाहतो, हा आक्षेप मला मान्य आहे. खुद्द जाकोमेत्ती पुढे समोर माणूस बसवून काम करू लागले, तेव्हा १९३५ मध्ये अतिवास्तववाद्यांनी त्यांना आपल्यातून काढले. तरीही फोटो उतरवणार नाही. बाबांना माती नको होती, की माझ्या हातून नको होती, हे मला अजून उमगलेले नाही.