हॅरियर : उभे उडण्यापेक्षा उभे उतरणे महत्त्वाचे

लोहगावच्या तळावरून उडणाऱ्या सुखोई-३० विमानांचा गडगडाट विमाननगरच्या रहिवाशांना नवा नाही. या विमानांची नॉझल्स, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी तोंडे, वळवता येतात, तरीही त्यांना लांब धावपट्टी लागतेच. सरळ उभे उडू आणि उतरू शकणाऱ्या हॅरियर या ब्रिटिश लढाऊ विमानाने ही अट कशी मोडली, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

युद्ध पेटताच शत्रू प्रथम धावपट्ट्या उखडेल, ही १९५०च्या दशकातील युरोपची मोठी चिंता होती. मिशेल विबो या फ्रेंच अभियंत्याच्या मूळ कल्पनेवर ब्रिटनमध्ये पेगासस इंजिन आकाराला आले आणि ते बसवलेले पी-११२७ हे हॅरियरचे पूर्वज विमान २१ ऑक्टोबर १९६० रोजी दोरांनी जखडलेल्या अवस्थेत प्रथमच जमिनीपासून अधांतरी उचलले गेले. अशाच उभ्या उड्डाणाच्या सोव्हिएत याक-३८ विमानात उचलण्यासाठी वेगळी इंजिने होती आणि उरलेल्या उड्डाणात ती निव्वळ ओझे ठरत. पेगाससमध्ये मात्र एकाच इंजिनाचा झोत चार नॉझल्समधून बाहेर पडतो. पुढच्या दोहोंतून पंख्याची तुलनेने थंड हवा, मागच्या दोहोंतून तप्त वायू. वैमानिकाने थ्रॉटलशेजारचा (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याशेजारचा) दांडा ओढला की चारही नॉझल्स एकदम वळतात. विमान अधांतरी स्थिर असताना पंखांवरून हवा वाहत नसल्याने नेहमीची सुकाणू-यंत्रणा निकामी असते, म्हणून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांशी असलेल्या छिद्रांतून इंजिनातील दाबाची हवा सोडून तोल सावरतात. इंजिनाचे दोन फिरते भाग परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, त्यामुळे त्यांच्या गतीचा विमानाला हिसका बसत नाही. हा बारकावा मला सर्वांत देखणा वाटतो.

तरीही सरळ वर उठण्यासाठी रेटा वजनापेक्षा जास्त हवा आणि उष्ण, विरळ हवेत तर तो आणखी घटतो. पूर्ण इंधन व शस्त्रे घेऊन हॅरियर उभा उडू शकत नसे. त्यामुळे प्रत्यक्षात थोडे धावून, विमानवाहू नौकेवर तर टोकाशी वर वळलेल्या उतारावरून उड्डाण घ्यायचे आणि इंधन खर्च होऊन हलके झाल्यावर उभे उतरायचे, हीच रीत रूढ झाली. १९८२च्या फॉकलंड युद्धात सी हॅरियर (हॅरियरची नौदलासाठीची आवृत्ती) याच पद्धतीने लढले आणि हवाई झुंजीत एकही गमावले नाही. आपल्या नौदलात ते १९८३ मध्ये आले, विक्रांत आणि नंतर विराटवरून उडाले आणि २०१६ मध्ये गोव्यात निवृत्त झाले.

त्याच्या वारसदार एफ-३५बी मध्ये कॉकपिटमागचा पंखा इंजिनाच्या दांड्यावर फिरतो आणि मागचे नॉझल खाली वळते. शिवाय ते स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान आहे, जे हॅरियरला सपाट उड्डाणात कधीच जमले नाही. आपल्या नव्या विक्रांतवरच्या उताराची कल्पना हॅरियरच्याच काळातली; मात्र तेथील मिग-२९के विमानांना उतरताना डेकवरच्या तारेत हूक अडकवूनच थांबावे लागते.