डूमचा माज

नायकाची ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय वळवता येणारी छोटी बाहुली, थोडी सुमार निघाली तरी खपून जाते. कॅप्टन अमेरिकाच्या हातात ढाल दिली, स्पायडरमॅनची बोटं जाळं सोडायच्या बेतात वळवली, की उरलेलं बघणारा आपल्या पदरचं घालून पुरं करतो. खलनायकाला ही सवलत नाही. त्यानं काही न करता, कपाटात नुसतं उभं राहून, शेजारच्या चार नायकांना दबून राहायला लावलं पाहिजे. त्याच्यात माज दिसला पाहिजे. आणि प्लॅस्टिकमध्ये माज ओतणं हे सोपं काम नाही.

म्हणून एखाद्या कंपनीचं काम जोखायचं असेल तर मी तिचा डॉक्टर डूम बघतो. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी १९६२ साली मार्व्हलच्या 'फँटॅस्टिक फोर' या कॉमिकच्या पाचव्या अंकात आणलेला हा गडी. लॅटव्हेरिया नावाच्या काल्पनिक देशाचा सत्ताधीश, नखशिखांत चिलखत, वरून हिरवा अंगरखा, डोक्यावरून घेतलेला हिरवा झगा आणि तोंडावर रिव्हेट ठोकलेला लोखंडी मुखवटा. स्वतःबद्दल बोलताना बऱ्याचदा 'मी' म्हणत नाही, 'डूम' म्हणतो. एवढं सगळं सहा इंचांत बसवायचं.

आता अडचण बघा. निळू फुले नुसती मान तिरकी करून आणि डोळे बारीक करून अख्खा पडदा खाऊन टाकायचे. डूमला चेहराच नाही. मुखवट्याला दोन भोकं आणि त्यांत दोन डोळे, एवढंच त्याचं भांडवल. या आकारात डोळे सहसा छापतात. कोरलेल्या पट्टीवरची शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि चेहऱ्यावर दाबतो. दाबताना अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की खेळ खलास. माप एकास बारा, म्हणजे जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर बुबुळ सहा मिलिमीटर सरकलेलं. अख्ख्या जगावर राज्य करू पाहणारा माणूस मग स्वतःच्या नाकाकडे बघत उभा राहतो. पेणच्या गणपती कारखान्यांत बाकीची मूर्ती कुणीही रंगवली तरी डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच का सोपवतात, ते असला एखादा डूम हातात आला की लगेच कळतं.

तेव्हा फिगर चेहरा बघूनच उचलावी. ऑनलाइन मागवली तर ही सोय नाही, नशिबाला येईल तो चकणा आपला. त्यात २०२२च्या सुमारास हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं प्लॅस्टिक कमी करायचं म्हणून खोक्यांच्या खिडक्याच बंद केल्या. हेतू उत्तम, पण गिऱ्हाइकाला बंद खोक्यावरचं चित्र बघून मुलगी पसंत करायची पाळी आली. कुरकुर इतकी झाली की पुढे खिडक्या परत आल्या.

खरा निकाल मात्र झगा लावतो. तो कापडाचा हवा की प्लॅस्टिकचा, यावर संग्राहकांत दोन तट आहेत आणि ते कधी एक होतील असं वाटत नाही. कापडवाले म्हणतात, राजाच्या अंगावर कापडच शोभतं. बरोबर. पण माणूस बारा पटींनी लहान करता येतो, कापडाचा धागा नाही. खऱ्या झग्याला त्याचंच वजन खाली ओढतं, म्हणून तो अंगासरशी पडतो आणि चुण्या धरतो. वीतभर तुकड्याला वजन ते कितीसं असणार! तो ताठ राहतो, खांद्यावरून बाहेर फुगतो आणि आत डूम हरवतो. महागड्या फिगरमध्ये झग्याच्या काठात बारीक तार शिवलेली असते. ती वाकवून हवी तशी चुणी घालता येते, झगा वाऱ्यावर उडवताही येतो. प्लॅस्टिकच्या झग्यात चुण्या शिल्पकारानंच कोरून ठेवलेल्या असतात, आणि समोरून बघावं तर अप्रतिम. पण डूमनं हात वर केला तरी झगा जागचा हलत नाही, शिवाय सगळा भार पाठीवर, त्यामुळे जरा धक्का लागला की हुकूमशहा उताणा. मी तारवाल्या कापडाच्या बाजूचा. बिनतारेच्या कापडापेक्षा मात्र प्लॅस्टिक परवडलं.

सांध्यांबद्दल लोक फार हिशेब मांडतात. १९८४ साली मॅटेलच्या खेळण्यांना जोड म्हणून मार्व्हलनं 'सीक्रेट वॉर्स' ही बारा अंकांची मालिका काढली. त्या खेळण्यांत मान, दोन खांदे आणि दोन मांड्या, एवढंच हलायचं. २००२ साली टॉय बिझ कंपनीनं 'मार्व्हल लेजंड्स' ही फिगरची मालिका सुरू केली, पुढे २००७पासून ती हॅस्ब्रोकडे गेली, आणि या काळात कोपर, गुडघा, घोटा, बरगडी असं सगळंच वळू लागलं. आता परीक्षणं लिहिणारे फिगरचे सांधे मोजतात आणि आकडा मोठा म्हणजे माल चांगला असं ठरवतात. मला हे पटत नाही. डूमचा गुडघा दुहेरी वाकला काय नि न वाकला काय? हा माणूस गुडघे टेकणार आहे कुणापुढे? त्याला तीनच सांधे मनापासून हवेत. मनगट, कारण तो निम्मं बोलणं पंजा उगारून करतो. घोटा, तोही बाजूला कलणारा, म्हणजे पाय फाकवून दोन्ही तळवे जमिनीला टेकवता येतात. आणि मान. समोरच्याकडे वरून बघता आलं नाही तर डूमपण उरलं कुठे? नेमकी तिथंच बऱ्याच फिगर फसतात. डोक्यावरचा झगा जाड प्लॅस्टिकचा केला की तो मानेला अडतो, आणि बिचारा जन्मभर नाकासमोर बघत राहतो.

उंचीला मात्र फूटपट्टी लावावी. मार्व्हलच्या अधिकृत माहितीप्रमाणे चिलखतासह डूम सहा फूट सात इंच, म्हणजे एकास बारा मापात जवळजवळ १६.७ सेंटिमीटर. कपाटातल्या रीड रिचर्ड्सच्या, म्हणजे 'फँटॅस्टिक फोर'च्या म्होरक्याच्या, नाकापर्यंत पोचणारा डूम बिनदिक्कत परत करावा.

चिलखताचा रंगही बघून घ्यावा. पैसे वाचवायचे तर प्लॅस्टिकमध्येच चंदेरी चकाकी मिसळून साच्यात ओततात, मग ते जसं वाहत जातं तशा भोवऱ्यासारख्या रेघा छातीवर कायमच्या दिसतात. वरून रंग दिलेला बरा, फक्त तो सांध्यात घासून निघतो. हिरव्या छटेवरून भांडू नये. मूळ कॉमिकमधला हिरवा निळ्या-पिवळ्या ठिपक्यांचा, तोही स्वस्त कागदावर. खरा हिरवा कुणी पाहिलाय? आणि कमरेचं पिस्तूल तेवढं म्यानातून निघतं का बघावं. ज्याच्या हातमोज्यांतून विजेचे लोळ निघतात त्याला कर्बीनं कमरेला साधं पिस्तूल का अडकवलं, हे कोडं मला सुटलेलं नाही, पण ते नसलं की कंबर ओकीबोकी वाटते.

आपल्याकडे हा शौक स्वस्त नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली वीसवरून साठ टक्क्यांवर गेलं, २०२३ साली सत्तरवर. त्यामुळे बाजारात 'फर्स्ट कॉपी'ची चलती. ती ओळखायला फार अक्कल लागत नाही. हाताला हलकी, खोकं उघडताच रॉकेलसारखा भपका आणि कंपनीची बारीक अक्षरं गायब. अस्सल मालही आपल्या हवेत म्हातारा होतोच. मऊ पीव्हीसीला वर्षांनी चिकट घाम सुटतो, तो साबणाच्या पाण्यानं जातो. उन्हाळ्यात घोटे वाकतात, ते गरम पाण्यात बुडवून सरळ करायचे आणि लगेच गार पाण्यात धरायचे.

काही फिगरबरोबर हल्ली मुखवट्याविना चेहराही मिळतो, भाजलेला, व्रणांचा, बारकाईनं रंगवलेला. १९६४च्या वार्षिक अंकात डूमची जन्मकथा आली. त्यात मुखवट्याचं लोखंड पुरतं निवण्याआधीच त्यानं तो तोंडावर चढवायला लावला, आणि चेहरा तेव्हाही वाचकाला दाखवला नाही. कर्बीनं जे झाकलं ते कारखान्यानं उघडं करून विकावं हे मला रुचत नाही, म्हणून ते डोकं मी पिशवीतून काढतच नाही. भाच्याला यात काही तत्त्वबित्त्व दिसत नाही. तो म्हणतो, "मामा, तू नाहीतरी कुणाला हात लावू देत नाहीस. मग ते डोकं मला देऊन टाक ना!"