पंधराशेच्या वर पळणारी मोटर आणि मधेच हरवणारी सॅम्पल्स

स्क्रीनवर मोटरच्या कंपनांचा स्पेक्ट्रम (कोणत्या वेगाची थरथर किती, त्याचा आलेख) होता, त्यात २५.३ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २५.३ वेळा, मोठा पीक (उंच टोक) दिसत होता, त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण चार-चार हर्ट्झवर छोटे पीक, आणि मी ते बघून ठामपणे सांगून बसले की या मोटरच्या रोटरचा (आतल्या फिरत्या भागाचा) बार, म्हणजे त्यातली धातूची दांडी, तुटलाय. कोल्हापूरजवळची एक फाउंड्री, इंडक्शन फर्नेसला (विजेवरच्या भट्टीला) थंड पाण्याचा पुरवठा करणारा पंप, फर्नेस चालू असताना तो बंद पडला तर कॉइल जळायची भीती, त्यामुळे माझ्या बोलण्यावर लगेच हालचाल सुरू झाली. रविवारी शटडाउन आहेच, तेव्हा मोटर उतरवून खोलायची असं ठरलं.

तिथले मेंटेनन्सचे मामा माझ्या लॅपटॉपकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, हा आकडा आरपीएममध्ये किती हुतोय?" मी २५.३ ला ६० ने गुणलं, मिनिटाला १५१८ फेरे. ते म्हणाले, "चार पोलची मोटर हाय, नेमप्लेटवर १४४० लिवलंय. लोड असताना ती पंधराशेच्या वर पळतीय व्हय?"

नाही पळत. ५० हर्ट्झच्या सप्लायवर चार पोलच्या (चार चुंबकीय ध्रुवांच्या) इंडक्शन मोटरचा सिंक्रोनस स्पीड, म्हणजे तिचं चुंबकीय क्षेत्र फिरण्याचा वेग, १५०० आरपीएम, आणि लोडवर ती त्याच्या खालीच राहणार, अशी मागे घसरल्याशिवाय (यालाच स्लिप म्हणतात) तिला टॉर्कच मिळत नाही. म्हणजे मोटर बरोबर होती, आमचं उपकरण चुकत होतं. मामांनी ते विचारलं नसतं तर आम्ही एक धडधाकट मोटर खोलली असती, हे आजही आठवलं की पोटात गोळा येतो, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय.

आमचं उपकरण साधंच होतं. छोटा लिनक्स बोर्ड, त्याला आयटूसी बसवर (चिप आणि बोर्डमधल्या दोन तारांच्या जोडणीवर) एडीएक्सएल३४५ हा कंपन मोजणारा अॅक्सिलरोमीटर, सेकंदाला ८०० सॅम्पल, म्हणजे ८०० मोजमापं. ८०० का, तर ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर या चिपला त्याहून वेगाने चालवू नका असं तिचं माहितीपत्रक, म्हणजे डेटाशीटच सांगतं. एका सॅम्पलचे तीन अक्ष मिळून ६ बाइट, पत्ता आणि रजिस्टर धरून बसवर ते वाचायला साधारण २०० मायक्रोसेकंद लागतात. आता प्रत्येक सॅम्पलला इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला दिलेली हाक) घेतला तर प्रोसेसरला सेकंदाला ८०० वेळा हातातलं काम टाकून धावावं लागेल, म्हणून चिपच्या आत ३२ सॅम्पलची फिफो, म्हणजे आधी आलेलं आधी बाहेर देणारी रांग, दिलीय. त्यात वॉटरमार्क लावायचा, आम्ही १० लावला होता, म्हणजे १० सॅम्पल साठले की दर साडेबारा मिलिसेकंदाला एक इंटरप्ट येतो, ड्रायव्हरचा (चिपशी बोलणाऱ्या प्रोग्रामचा) थ्रेड, म्हणजे त्याचं स्वतंत्र चालणारं काम, उठतो आणि दोनेक मिलिसेकंदात सगळे उपसून घेतो. थ्रेडला उठायला थोडा उशीर झाला तरी वर २२ सॅम्पलची जागा उरते, म्हणजे २७.५ मिलिसेकंद, आणि आमच्या बोर्डवर तेवढं पुरतं हे मोजून बघितलं होतं.

पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्यांखाली आपण घमेलं ठेवतो ना, चिपची फिफो म्हणजे तसं छोटं घमेलं. ते भरायच्या आत उचलून मोठ्या पिंपात ओतायचं, आणि पिंपातलं पाणी घरातल्या माणसाने त्याच्या सवडीने वापरायचं. लिनक्सच्या आयआयओ सबसिस्टिममध्ये हे पिंप म्हणजे केफिफो. आयआयओ म्हणजे इंडस्ट्रियल आयओ, जोनाथन कॅमेरॉन यांनी सुरू केलेलं काम, २००९ मध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या मूळ भागाच्या) स्टेजिंग भागात, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या जागेत, आलं आणि २०१२ मध्ये त्याचा गाभा तिथून बाहेर पडून मुख्य कर्नलमध्ये बसला. आज अॅक्सिलरोमीटर, जायरो, एडीसी, प्रकाश मोजणारे सेन्सर, सगळ्यांचे ड्रायव्हर याच पद्धतीने लिहितात आणि मला ही रचना मनापासून आवडते कारण वरच्या प्रोग्रामला चिप कोणती आहे याची पर्वा करावी लागत नाही, डिव्हाइस फाइल उघडायची आणि वाचत सुटायचं.

पण पिंप केवढं ठेवायचं हे तुम्ही सांगायचं असतं. बफरची लेंग्थ सांगितलीच नाही तर केफिफोची मूळ लांबी असते फक्त २ सॅम्पल! नवीन माणूस इथे हमखास अडखळतो, म्हणून कुणी नवीन जॉइन झालं की मी आधी हे सांगते. आम्ही ६४ ठेवली होती, म्हणजे ८० मिलिसेकंदांचा साठा, आणि त्या वेळी ते भरपूर वाटलं होतं.

वरचा प्रोग्राम काय करत होता तर एकाच थ्रेडमध्ये वाचायचं पण आणि एसडी कार्डवर लिहायचं पण. दर २५० मिलिसेकंदांनी टायमरवर फाइल एफसिंक करायची, म्हणजे डेटा खरोखर कार्डवर उतरेपर्यंत थांबायचं, का तर वीज गेली तरी डेटा राहावा, फाउंड्रीत वीज जाते म्हणून हेतू चांगलाच होता. पण स्वस्तातल्या एसडी कार्डवर एफसिंक म्हणजे भरवसा नाही, आमचं ९० ते १०० मिलिसेकंद अडकून राहायचं. पिंप ८० मध्ये भरलं. पुढची साधारण १० सॅम्पल आली तेव्हा जागाच नव्हती.

आणि इथे जे होतं ते फार शांतपणे होतं. केफिफो भरलेला असेल तर तो जुनं सॅम्पल काढून नव्याला जागा देत नाही, नवंच नाकारतो आणि ड्रायव्हरला ईबिझी असा एरर परत देतो. आमचा ड्रायव्हर मी लिहिलेला आणि तो एरर मी बघतच नव्हते, कारण जे जे ड्रायव्हर वाचून मी शिकले त्यातल्या बऱ्याच जणांत तो बघितलेला नव्हता. त्यामुळे लॉगमध्ये एक ओळ नाही, काउंटर नाही, वरच्या प्रोग्रामला सलग सॅम्पल मिळतायत असंच वाटणार. चिप बिचारी उलट प्रामाणिक आहे, तिची फिफो भरून वाहिली की ती ओव्हररनचा बिट लावून ठेवते, पण आमची गळती चिपमध्ये नव्हतीच, वरच्या पिंपात होती.

सेकंदाला ८०० ऐवजी ७६० सॅम्पल येतायत हे मला आधीच दिसलं होतं. मी समजले चिपचं आतलं घड्याळ थोडं मंद असेल, असल्या सेन्सरमध्ये काही टक्के फरक असतोच, आणि पुढे गेले. हिशोबात मात्र ८०० च धरले, म्हणून २४ हर्ट्झची खरी मोटर २५.३ ला जाऊन बसली. यातली घाबरवणारी गोष्ट पुढे आहे. समजा मी हुशारी करून ८०० च्या जागी ७६० टाकले असते तर पीक बरोब्बर २४ वर आला असता, १४४० आरपीएम, कुणालाच शंका आली नसती, आणि बाजूचे पीक राहिलेच असते कारण दर पाव सेकंदाला लहर तुटत होती, म्हणजे चार हर्ट्झ. आणि या मोटरची स्लिप ६० आरपीएम म्हणजे १ हर्ट्झ, पोल ४, दोन्हीचा गुणाकार ४ हर्ट्झ, आणि रोटर बार तुटल्यावर बाजूचे पीक नेमके एवढ्याच अंतरावर येतात. एसडी कार्डच्या टायमरने तुटलेल्या रोटरचं हुबेहूब सोंग घेतलं होतं.

म्हणून मला आता वाटतं की आपण बफरकडे साठवणीची जागा म्हणून बघतो तिथेच फसतो. पागोळ्यांच्या पाण्याला ते चालतं, दहा थेंब सांडले तर दहा थेंब कमी, बाकीच्या पाण्याचं काही बिघडत नाही. सॅम्पलचं तसं नाही, प्रत्येक थेंब कधी पडला हेच तर आपल्याला हवं असतं, मधले दहा गेले की पुढच्या सगळ्यांची जागा सरकते आणि उरलेला चांगला डेटाही खोटा होतो.

आयआयओमध्ये प्रत्येक सॅम्पलसोबत टाइमस्टॅम्प (ते कधी घेतलं ती वेळ) घ्यायची सोय पहिल्यापासून आहे. मीच तो बंद ठेवला होता. सॅम्पल ६ बाइटचं, टाइमस्टॅम्प ८ बाइटचा आणि तो ८ च्या पटीतल्या जागेवरच बसावा लागतो म्हणून मधे २ बाइट रिकामे, एकूण १६, म्हणजे फाइल अडीच पटीहून मोठी होणार, म्हणून नको म्हटलं. (ते २ रिकामे बाइट पण साधे नाहीत बरं का, ड्रायव्हरने ते शून्य केले नाहीत तर कर्नलच्या स्टॅकमधला जुना कचरा त्यातून वरच्या प्रोग्रामपर्यंत झिरपतो, २०२० च्या सुमारास कर्नलमधल्या कितीतरी सेन्सर ड्रायव्हरमध्ये ही चूक शोधून दुरुस्त केली गेली.) मामांच्या प्रश्नानंतर तिथेच फाउंड्रीत खुर्चीवर बसून टाइमस्टॅम्प चालू केला आणि दोन सॅम्पलमधलं अंतर छापलं. १.२५, १.२५, १.२५ मिलिसेकंद अशी रांग आणि मधेच १३.७५. पाव सेकंदाने परत तेच. पाच मिनिटं लागली फक्त.

फिफो वापरताना टाइमस्टॅम्प कसा द्यायचा ही पण एक मजेची गोष्ट आहे, कारण १० सॅम्पल एकदम हातात येतात आणि वेळ मात्र एकच माहीत असते, इंटरप्टची. ती वेळ इंटरप्ट आल्या आल्याच टिपायची, थ्रेड उठल्यावर टिपली तर उशीर त्यात मिसळतो. ती झाली दहाव्या सॅम्पलची वेळ, बाकीच्यांना मागे मागे मोजत जायचं. आणि मोजताना डेटाशीटमधले १.२५ धरायचे नाहीत, आधीच्या इंटरप्टपासून आताच्या इंटरप्टपर्यंत किती वेळ गेला त्याला सॅम्पलच्या संख्येने भागायचं, म्हणजे चिपचं घड्याळ मंद असो की जलद, खरा पिरियड मिळतो. कर्नलमधला बीएमसी१५० या दुसऱ्या एका सेन्सरचा ड्रायव्हर असंच करतो आणि त्यात कारण समजावणारी लांबलचक कॉमेंट पण आहे, जरूर वाचा.

फोनवाल्यांचं गणित वेगळं, त्यांना बॅटरी वाचवायची असते. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ ने सेन्सर बॅचिंग आणलं ते त्यासाठीच, मुख्य प्रोसेसर झोपलेला राहू दे, तोवर सेन्सरने आपल्या फिफोत साठवत राहायचं. तिथे पावलं मोजणाऱ्याला निकाल थोडा उशिरा मिळाला तर चालतं, उशिराची अट फक्त आधी ठरलेली पाहिजे.

आमच्याकडे आता वाचणारा थ्रेड वेगळा आहे आणि तो एसडी कार्डला हातही लावत नाही, लिहिणाऱ्याकडे नुसतं सोपवतो. केफिफो १०२४ चा केला, म्हणजे १.२८ सेकंदांचा साठा आणि मेमरी जेमतेम १६ किलोबाइट, एवढ्यासाठी आधी कंजूषी का केली कळत नाही. ड्रायव्हर प्रत्येक नाकारलेलं सॅम्पल मोजतो आणि तो आकडा फाइलमध्ये डेटाच्या शेजारीच जातो. टाइमस्टॅम्पमध्ये खिंडार दिसलं तर त्या तुकड्याचा स्पेक्ट्रम काढतच नाही, "डेटा तुटला" एवढंच दाखवतो. पहिल्या आवृत्तीत मी मधली जागा अंदाजाने भरून काढत होते, ते काढून टाकलं, कारण त्यावर कुणीतरी मोटर खोलायचा निर्णय घेणार असतं.

शनिवारी संध्याकाळी त्याच पंपावर परत मोजलं. २३.९ हर्ट्झ, १४३४ आरपीएम, बाजूला काही नाही. मामांना दाखवलं तर त्यांनी आधी लांब स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगच्या घरावर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, मग स्क्रीन बघितली, आणि रविवारच्या कामांच्या यादीतून मोटरची ओळ खोडली.