तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं काय?

गौरी जेवल्या त्या दिवशी वन्सं पोळी वाढायला आल्या. मी अर्धीच घेतली आणि कटाच्या आमटीला नको म्हटलं. त्यांनी काळजीनंच विचारलं, "अगं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत ना? मग दुखतं तरी काय?" शेजारी विचारतात, ऑफिसात विचारतात. पंगतीत सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणजे आतडं हळवं होण्याचा आजार आहे. दुर्बिणीतून आतड्याचं अस्तर दिसतं, सूज, जखम, गाठ दिसते. आतडं किती जोरात आवळतं आणि त्याच्या नसा किती हळव्या झाल्यात, हे मात्र दुर्बिणीत दिसत नाही. तुमच्या पोटात थोडा गॅस फिरला तर तुम्हाला कळणारही नाही, मला तेवढ्यानंच कळ येते. ती कळ खरी असते.

माझं दुखणं सुरू झालं ते एका पावसाळ्यात, जुलाबाच्या साथीनंतर. ताप गेला, जुलाब थांबले, पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. असं बऱ्याच जणांचं होतं. 2025च्या जानेवारीत आपल्या पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची (हातापायांतली ताकद जाते त्या नसांच्या आजाराची) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. त्याच जंतूच्या जुलाबानंतर काहींना आयबीएस मागे राहतो. मला मात्र दोन वर्षं 'आव आहे' म्हणून त्याच त्या गोळ्या मिळत राहिल्या.

शेवटी एका पोटाच्या डॉक्टरांनी पाऊण तास नीट विचारपूस केली. तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस दुखतं का? शौचाला गेल्यावर दुखणं कमी-जास्त होतं का? किती वेळा जावं लागतं आणि शौच पातळ की घट्ट, यात फरक पडलाय का? सुरुवात होऊन सहा महिने झालेत का? रक्ताच्या आणि शौचाच्या मोजक्या तपासण्या करून त्यांनी आजाराला नाव दिलं. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले, सुटल्यासारखं वाटून. एक मात्र हात जोडून सांगते: शौचातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, रक्त कमी झालं असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल किंवा पन्नाशीनंतर हे नव्यानं सुरू झालं असेल, तर 'आयबीएस असेल' म्हणून घरी बसू नका.

आता आमटीचं. कांदा, लसूण, गहू, डाळी यांतल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठानं यावरून लो-फॉडमॅप, म्हणजे अशा साखरा कमी असलेला आहार बसवला. हरभऱ्याच्या डाळीतल्या या साखरा पाण्यात उतरतात आणि पुरणासाठी डाळ शिजवून काढलेलं पाणी म्हणजेच कट. म्हणून मला पुरणापेक्षा आमटी जास्त बाधते. लसणाचं उलट आहे, त्यातली साखर तेलात उतरत नाही. दोन पाकळ्या तेलात लालसर परतून काढून टाकल्या की फोडणीला वास राहतो आणि पोट गप्प राहतं.

सहा आठवडे मी ज्वारीची भाकरी, भात, थोडं मुगाचं वरण यावर काढले. मग एकेक पदार्थ परत आणला. चहातलं दूध चाललं, थोडी तूरडाळ चालली, कांदा नाही चालला. हे परत आणणंच महत्त्वाचं. लोक सगळं सोडतात ते सोडूनच बसतात आणि हडकतात.

"टेन्शन घेऊ नकोस" असंही फार ऐकते. मेंदू आणि आतडं एकमेकांशी सतत बोलत असतात, त्यामुळे ताणानं दुखणं वाढतं हे खरं, पण म्हणून ते मनाचे खेळ ठरत नाहीत. मला रात्री अमिट्रिप्टिलिनची अगदी कमी मात्रेची गोळी आहे. "ही डिप्रेशनची ना?" असं मेडिकलवाल्यानं मोठ्यानं विचारलं होतं. इथे ती आतड्याच्या नसांसाठी दिलेली असते. इंग्लंडमध्ये 463 रुग्णांवर झालेल्या चाचणीत तिचा उपयोग दिसला, ते 2023 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

सर्वांत अवघड सकाळ. काही पोटात गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, सकाळी तर जास्तच. पूर्वी चहा पिऊन कात्रजहून बस धरायचे. बालाजीनगरला मुरडा सुरू व्हायचा, पद्मावतीपर्यंत तळवे घामेजायचे आणि स्वारगेटला उतरून मी आधी स्वच्छतागृह शोधायचे. आता पाऊण तास आधी उठते, चहा घेते, सावकाश आवरते. 2024च्या सप्टेंबरात स्वारगेटहून भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून पुढचा प्रवास ट्रॅफिकमध्ये अडकत नाही.

वन्संना हे सगळं मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "तेलातला लसूण काढायचा कधी, लाल झाल्यावर ना?"