सपाट रेषेखाली कुणी काहीच लिहिलं नव्हतं

घरगुती वीज वाचवणारी सेवा आखण्यासाठी घेतलेल्या कार्यशाळेत प्रत्येक घरासाठी एक ए-थ्री कागद ठेवला होता. वर त्या घराच्या एका दिवसाच्या वीजवापराचा आलेख, तासाला दीड सेंटिमीटर, आणि खाली चार बोटं रुंदीची रिकामी पट्टी. त्या त्या वेळी घरात काय चाललं होतं ते पट्टीत लिहायचं, एवढंच काम. प्रत्येक घरातून दोघांना बोलावलं होतं: एक बिल भरणारं, एक उपकरणं प्रत्यक्ष चालवणारं. दोघांना वेगळी प्रत, वेगळ्या रंगाची पेन्सिल, आणि लिहून होईपर्यंत आपसांत बोलायचं नाही. ही अट सैल सोडली की बिल भरणारा माणूस एकटाच सगळी पट्टी भरून टाकतो.

आलेख बारीक नसेल तर हे जमत नाही. २००० वॅटचा गीझर ४ मिनिटं चालला तर १५ मिनिटांच्या सरासरीत तो ५३३ वॅटचा दिसतो आणि घरच्यांनाही ओळखू येत नाही. म्हणून आम्ही आधी आठवडाभर मिनिटागणिक नोंद घेतो. क्लॅम्प, म्हणजे वायरभोवती बसणारा चिमट्यासारखा मापक, फक्त फेजच्या वायरभोवती लावायचा. न्यूट्रलही त्यात आली तर दोन्हींचे परिणाम एकमेकांना मारतात आणि वाचन शून्य येतं. सोबत व्होल्टेजही मोजावं लागतं, नाहीतर मोटरचा भार फुगलेला दिसतो. शिवाय घर कधी रिकामं असतं हे आलेखावरून कुणालाही कळेल. तेव्हा कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक, आणि शेवटी ज्याचा कागद त्याने घरी न्यायचा.

एका घराच्या आलेखात रात्रभरात गीझरचे दोन सुळके होते. सेवेची एकेक कल्पना आम्ही एकेका कार्डावर लिहिली होती; मसुद्यातलं पहिलं कार्ड नेमकं या सुळक्यांसाठीच होतं: ‘रात्री ११ ते पहाटे ५ गीझर आपोआप बंद’. नवऱ्याने सुळक्याखाली लिहिलं, ‘चुकून चालू राहतो.’ बायकोने त्याच जागी लिहिलं, ‘बाबांना तीन वाजता शेकायला गरम पाणी.’ त्याला हे माहीतच नव्हतं. ती म्हणाली, “मॅडम, ते आपोआप वगैरे आमच्याकडे नको. साडेदहाला मी थर्मास भरून ठेवीन, मग खुशाल बंद करा.”

तोडगा चांगला होता, पण फायदा किती ते फळ्यावर मांडलं. टाकी १५ लिटरची. पाणी ८ अंशांनी उतरलं की थर्मोस्टॅट लागतो आणि एका सुळक्याला साधारण ०.१४ युनिट जातं, म्हणजे रात्रीचं ०.२८. गीझर बंद ठेवला तर तेच पाणी पहाटेपर्यंत १२ अंशांनी उतरेल असं धरलं, तर ते परत चढवायला ०.२१ युनिट लागणार. उरलं ०.०७. वर्षाचे जेमतेम पंचवीसेक युनिट. मग थर्मोस्टॅटच ४५ अंशांवर आणू, असं एकाने सुचवलं. ते टाळावं: साठवलेलं पाणी त्याच्या आसपास कोमट राहिलं की लिजिओनेला जिवाणूंना वाढायला वाव मिळतो. टाकीत ६० अंश ठेवून नळीवर आवरण चढवणं बरं.

सुळक्यांखाली सगळ्यांनी भरभरून लिहिलं होतं. त्यांच्यामधल्या सपाट रेषेखाली मात्र कुठल्याच कागदावर एक अक्षर नव्हतं, आणि ते साहजिक होतं. त्या वेळी घरात कुणी काही करतच नसतं. याच घराची ती रेषा फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असतानाही ६० वॅटवर होती. रात्रीच्या किमान वॅटला ८.७६ ने (वर्षाचे ८,७६० तास भागिले हजार) गुणलं की वर्षाचे युनिट मिळतात. इथे ५२६. गीझरच्या आकड्याशेजारी हा आकडा लिहिला आणि प्रश्न सुरू झाले.

प्लगमध्ये बसणारा मीटर आणि एक सेट-टॉप बॉक्स टेबलावर होताच. रिमोटने बंद केल्यावर १५ वॅटचे १४ झाले. एक काका म्हणाले, “अहो, मग बंद काय झालं? दिवा?” भिंतीवरचं बटण का दाबत नाही, असं विचारल्यावर कारणं भराभर आली. बटण कपाटामागे आहे. बॉक्स पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं घेतो. त्याच बोर्डवर राउटर आहे, तो गेला की मुलं ओरडतात. आळस म्हणून खपवलं जाणारं बरंचसं वर्तन असं बोर्डाच्या जागेवर येऊन थांबतं.

वीजवापराची सूचना फोनवर पाठवण्याचं कार्ड तालमीत, म्हणजे सेवा नाटकासारखी करून पाहताना, पडलं. एकाने यंत्रणा व्हायचं, एक मिनिट म्हणजे एक तास. सूचना जायची कामावर असलेल्या नवऱ्याला, तो घरी फोन करायचा, आणि सेवेचं रूपांतर उलटतपासणीत व्हायचं. शेजाऱ्यांशी तुलनेचं कार्डही काढलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये झालेल्या प्रयोगात (अहवाल २००७) सरासरीपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांना सरासरी सांगितल्यावर त्यांचा वापर वाढला होता. त्या आकड्याच्या बाजूला हसरा चेहरा छापला तेव्हा ती वाढ रोखली गेली. पण ज्या घरात आजारी माणूस दिवसभर असतो, त्याला हसऱ्या चेहऱ्याचा काय उपयोग, हा तिथल्याच एका बाईंचा सवाल होता.

शेवटी उरली ती वायरमनची एक भेट. हाताच्या उंचीवर बटण असलेला एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर. राउटर, फ्रिज आणि वैद्यकीय उपकरणं वेगळ्या सॉकेटवर. बोर्डला ६ अँपिअर पुरतात, पण इस्त्री किंवा हीटर त्यावर कधीच नाही. २००० वॅटला २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर लागतात. रात्री रेकॉर्डिंग लावणाऱ्या घराला हा बोर्ड देऊ नये, ते आधी विचारायचं. बॉक्स रोज १९ तास रिमोटऐवजी खरोखर बंद राहिला तर एकट्याचे वर्षाला ९७ युनिट वाचतात.

बोर्ड बसवल्यावर पुन्हा रात्रीचं किमान वॅट मोजतो. रेषा खाली आली नसेल, तर टीव्हीची जागा बदलली आहे का ते आधी पाहावं. वायर पुरत नाही म्हणून बॉक्स परत कपाटामागच्या सॉकेटवर गेलेला असतो. म्हणून बोर्डची वायर दीड नव्हे, तीन मीटरची घ्यायची.