डेमुल ते लालुंग: ‘सोपा होमस्टे ट्रेक’ म्हणून कुणी सांगत असेल तर आधी हे वाचा

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या वरच्या गावांमधून, घरोघरी मुक्काम करत चालत जायचं मनात असेल तर जरूर जा. पण लांगझा, कोमिक, डेमुल, लालुंग, धनकर या वाटेबद्दल ‘या गावातून त्या गावात रमतगमत जायचं’ असं जे सांगितलं जातं, ते डेमुलपर्यंतच खरं आहे. पुढचा दिवस रमतगमत जायचा नाही. काझा या स्पितीतल्या मुख्य गावातल्या एका एजंटने आम्हाला हीच टेप ऐकवली, वर ‘डेमुलमधून गावातला माणूस सोबत येईल’ असं सांगून त्याचे पैसे आगाऊ घेतले. माणूस आलाच नाही. का आला नाही हे कळल्यावर गावावर राग धरता येईना. एजंटवरचा राग अजून गेलेला नाही.

कारण साधं होतं. ऑगस्ट म्हणजे तिथे मटारतोडणी. या गावांत वर्षाला एकच पीक निघतं. बर्फ हटल्यावर मे महिन्यात पेरायचं आणि थंडी परतायच्या आत शेत मोकळं करायचं. पाऊस नावापुरता, सगळी भिस्त वितळलेल्या बर्फाच्या पाटाच्या पाण्यावर. जव घरात खायला, सातूच्या पिठाला आणि छांग या घरगुती दारूला. रोख पैसा देतो तो हिरवा मटार. मैदानी भागात मटारचा हंगाम नसतो तेव्हा इथला तयार होतो, म्हणून भाव मिळतो. पण शेंग चार दिवस जास्त वेलीवर राहिली की दाणा जून होतो आणि भाव पडतो. वर्षाची कमाई अशी थोडक्या दिवसांत पदरात पाडून घ्यायची असते. आम्ही डेमुलला पोचलो तेव्हा मुक्कामाच्या घरात फक्त आजी होत्या, बाकी सगळे अंधार पडेपर्यंत शेतात. वाटाड्याचं विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, “मटर का टाइम है, कोई नहीं जाएगा.” हे एजंटला माहीत नसणं शक्य नाही, तोही त्याच खोऱ्यातला.

म्हणून पहिला सल्ला: ऑगस्टमध्ये जाऊ नका. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. तेव्हा खळ्यावर जवाचं काम असतं, पण त्यात मटारसारखी घाई नसते, सोबत यायला माणूस मिळू शकतो आणि तुम्ही कुणाच्या पायात येत नाही. वाटाड्याचे पैसे काझात देऊ नका, थेट गावात त्याच्या हातात द्या.

आता तो टप्पा. डेमुल सुमारे ४३०० मीटरवर आहे. लालुंग लिंगती नदीच्या पलीकडे आहे, म्हणजे आधी थेट नदीपर्यंत उतरायचं आणि मग समोरचा चढ. उतार सिंहगड उतरण्यापेक्षा जास्त आहे आणि सगळा घसाऱ्याचा. पायाखाली चपट्या, ठिसूळ दगडांच्या कपच्या. बूट टेकवला की अख्खा थर खाली सरकतो. मधे काही आडव्या वाटा आहेत, तिथे पाऊल मावेल एवढीच जागा आणि एका बाजूला दरी उघडी. ज्यांना दृष्टिभय आहे, म्हणजे उंचावरून खाली बघायची भीती वाटते, त्यांनी इथे येऊ नये, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. शिवाय ढोरवाटा इतक्या फुटतात की खरी वाट कुठली ते कळत नाही. एक रुळलेली वाट धरून आम्ही बरंच खाली गेलो आणि ती कड्याच्या टोकाशी संपली. तेवढं सगळं पुन्हा चढून यावं लागलं, त्या हवेत. नदीपर्यंत पिण्याचं पाणी नाही, सावली नाही. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो आणि वरून दगड येऊ लागतात.

तेव्हा उजाडताच निघा. माणशी तीन लिटर पाणी घ्या. दोघांत किमान वीस पावलांचं अंतर ठेवा आणि एकाच्या बरोबर खाली दुसरा येऊ देऊ नका. नदीवरच्या पुलाची अवस्था आदल्या रात्री डेमुलमध्ये विचारून घ्या. वाटाड्या नसेल तर हा टप्पा करूच नका. डेमुलपर्यंत गाडीरस्ता आहे, धनकरमार्गे लालुंगलाही आहे. गाडीने वळसा घालून गेलात तरी गावं तीच आहेत. बूट, काठ्या, डोक्यावरचा दिवा यांबद्दल लिहीत नाही, सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक करणाऱ्यांना ते सांगायला नको.

डेमुलमध्ये पाहुणा कोणत्या घरी उतरणार हे गावाच्या पाळीने ठरतं, म्हणजे कमाई एकाच घरात जात नाही. ही व्यवस्था मला फार आवडली. अमुकच घर द्या असा हट्ट धरू नका आणि दरात घासाघीस करू नका. अंघोळीचं गरम पाणीही मागू नका. लाकूड खालून ट्रकने येतं, बाकी जळण म्हणजे वाळवलेलं शेण. गच्चीच्या कडेने रचलेल्या काटक्या आणि चारा दिसतो तो हिवाळ्यासाठी. तेव्हा पारा उणे २५च्या खाली जातो, गुरं तळमजल्यावर आणि अख्खं कुटुंब तंदूरच्या (लोखंडी शेगडीच्या) एका खोलीत.

संडास नीट समजून घ्या. वरच्या मजल्यावर जमिनीत एक चौकोनी भोक, शेजारी कोरड्या मातीचा ढीग आणि फावडं. झालं की दोन फावडी माती लोटायची, पाणी अजिबात टाकायचं नाही. खालच्या खोलीत त्याचं खत होतं आणि पेरणीआधी ते शेतात जातं. आम्ही गेलो तिथे आधीच्या कुणीतरी ओले वाइप्स टाकले होते. ते आता कुणीतरी हाताने वेचणार. प्लास्टिक, पॅड, वाइप्स सगळं पिशवीत बांधून काझाला परत आणा.

उंचीबद्दल थोडक्यात. शिमल्याहून किन्नौरमार्गे या, म्हणजे उंची हळूहळू वाढते. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून थेट काझा आणि दुसऱ्या दिवशी कोमिक हा वेडेपणा आहे. कोमिक ४५८७ मीटरवर आहे, तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी मिळतो. काझात दोन रात्री काढा, डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं आपल्या डॉक्टरांना विचारा, डोकं ठणकू लागलं तर वर जाऊ नका. कोमिक–डेमुल चाल लांब पण सुरेख, तिची काळजी नको. हिक्किमचं १९८३ सालचं टपाल कार्यालय वाटेवर असेल तरच बघा. लांगझात समुद्री जिवांचे जीवाश्म विकायला येतात, ते घेऊ नका.

शेवटी गाडीभाडं. लालुंगमध्ये आम्ही दमलेले आहोत हे बघून एका ड्रायव्हरने काझाचे दुप्पट सांगितले, आणि पाय उचलत नव्हते म्हणून आम्ही दिले. तुम्ही देऊ नका. निघण्याआधी काझाच्या टॅक्सी युनियनच्या दरफलकाचा फोटो काढून ठेवा आणि भाव करताना तोच दाखवा. नाहीच ऐकलं तर लालुंगला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी धनकर गाठा आणि तिथून रस्त्याने आठेक किलोमीटर उतरून शिचलिंगला या. काझाची बस तिथूनच जाते, हात दाखवला की थांबते. सुटे पैसे जवळ ठेवा.