बर्लिनमध्ये मास्टर्स, आणि सोबत तीन वर्षांची लेक

ऑक्टोबरच्या सत्राला बर्लिनमध्ये प्रवेश मिळालेल्या दोन आयांचे निरोप गेल्या महिन्यात आले. दोघींचा प्रश्न एकच होता: लेकराला बरोबर न्यावं, की पहिलं वर्ष आजीकडे ठेवावं? निरोपातून तुटक उत्तरं देण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. बरोबर न्या. पण स्वतःच्या लेक्चरचं वेळापत्रक बघायच्या आधी त्याच्या पाळणाघराचं बघा, आणि पहिले काही आठवडे त्याच्यासाठी मोकळे ठेवा.

माझं सासर सोलापूरचं. मी निघायचं ठरवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, लेकरू राहील की माझ्याजवळ. तू शिकून ये निवांत." त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं आणि लेक त्यांच्याकडे सुखात राहिलीही असती. पण ती तीन वर्षांची झालेली. त्या वयात एक वर्ष म्हणजे तिच्या आजवरच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा, आणि तो व्हिडिओ कॉलवर काढायची माझी तयारी नव्हती. नवऱ्याची पुण्यातली नोकरी लगेच सुटण्यासारखी नव्हती. म्हणून आम्ही दोघीच आधी आलो, तो नंतर आला.

इथल्या पाळणाघराला किटा म्हणतात. 1 ऑगस्ट 2013 पासून जर्मनीत वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे, आणि आपण विद्यार्थी व्हिसावर आलो म्हणून तो कमी होत नाही. बर्लिनने तर ऑगस्ट 2018 पासून किटाची फीच काढून टाकली. जेवणाचे महिन्याला 23 युरो द्यायचे. नाश्त्यासाठी किंवा इतर गोष्टींसाठी काही किटा थोडे वरचे घेतात, तेवढं आधी विचारून घ्या.

पण हक्क आहे म्हणजे जागा हातात आली असं नाही. आधी पत्ता नोंदवायचा, मग आपल्या विभागाच्या युगेंडआम्टमध्ये, म्हणजे मुलांच्या सरकारी कार्यालयात, अर्ज करायचा. मूल सुरू व्हायला हवं त्याच्या जास्तीत जास्त नऊ महिने आणि कमीत कमी दोन महिने आधी. ते गुटशाईन, म्हणजे किटाच्या जागेचं सरकारी व्हाउचर, देतात, त्यावर दिवसाचे किती तास मंजूर झाले ते लिहिलेलं असतं. सात तासांपर्यंत कारण द्यावं लागलं नाही. त्यावरचे तास हवे होते म्हणून मी विद्यापीठाचा नोंदणीचा दाखला जोडला. ते गुटशाईन घेऊन किटा मात्र आपणच शोधायची. श्टुडिरेंडनवेर्क ही विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि कँटीन चालवणारी संस्था स्वतःच्या किटाही चालवते, तिथं सगळ्यात आधी नाव घाला. आम्हाला अखेर बर्लिनच्या मोआबिट भागात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जागा मिळाली.

लसीकरणाचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मार्च 2020 पासून गोवराची लस झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात मूल घेत नाहीत. कार्ड मराठीत असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून, शिक्का मारून घ्या.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आपल्याकडे पहिल्या दिवशी बालवाडीच्या दारात मूल रडतं, बाई त्याला कडेवर घेतात, आणि आईला सांगतात, "तुम्ही निघा, पाच मिनिटांत गप्प होईल." इथं तसं चालत नाही. इथं आइनगेवोनुंग असतं, म्हणजे मुलाला हळूहळू रुळवणं. 1980 च्या दशकात बर्लिनमध्येच बेतलेली ही पद्धत आहे. पहिले तीन दिवस आईनं मुलाबरोबर वर्गात तासभर बसायचं आणि दोघांनी मिळून घरी जायचं. त्या तीन दिवसांत आईला बाहेर पाठवत नाहीत. चौथ्या दिवशी आई निरोप घेऊन थोडा वेळ दाराबाहेर थांबते. तो दिवस सोमवार असेल तर तेही टाळतात, कारण शनिवार-रविवार घरी काढून मूल नुकतंच आलेलं असतं. मूल बाईंकडून शांत होतं का, हे त्या बघतात. झालं तर वेळ हळूहळू वाढवतात, नाही झालं तर आई परत आत. एखाद्या मुलाचं आठवड्यात जमतं, एखाद्याला तीन आठवडे लागतात.

माझ्या लेकीला जास्तीचे लागले. एवढुशा खुर्चीवर भिंतीला टेकून मी रोज बसायचे, ती माझा कुर्ता धरून. तिकडे माझी पहिली लेक्चरं सुरू झालेली, गटाच्या प्रकल्पात नावं घातली जात होती. तिच्या बाईंना म्हटलं, थोडं लवकर नाही का होणार? त्या शांतपणे म्हणाल्या की घाई केली तर हेच काम नोव्हेंबरात पुन्हा करावं लागेल. मला ते पटलं आणि आजही पटतं. लेकीनं एका सकाळी आपण होऊन माझा कुर्ता सोडला, त्या बाईंचा हात धरला आणि वाळूच्या खड्ड्याकडे गेली. त्यानंतर ती एकदाही दारात रडली नाही. म्हणून सांगते, कोर्स ऑक्टोबरात असेल तर ऑगस्टमध्येच या. विमानाचं तिकीट काढताना हाच हिशोब धरा.

भाषेची काळजी सगळ्यांनाच वाटते. घरी मराठी, माझा अभ्यास इंग्रजीत, किटात जर्मन. लेक तिथं कित्येक महिने जवळजवळ बोललीच नाही. मी घरी थोडं जर्मन सुरू करू का असं विचारलं, तर बाईंनी स्पष्ट सांगितलं: घरी तुमचीच भाषा बोला, भरपूर बोला, जर्मन आमच्यावर सोडा. नंतर ती एकदम वाक्यंच बोलायला लागली. आज ती बाहुलीला जर्मनमध्ये रागावते आणि मराठीत झोपवते.

अवघड काय? आजारपण. अंगात ताप निघाला की फोन येतो आणि तासाभरात मूल घेऊन जावं लागतं. नोकरदार आईबापांना अशा वेळी आरोग्य विम्यातून बुडालेल्या पगाराची भरपाई मिळते. निव्वळ विद्यार्थ्याला ती नसते आणि परीक्षा पुढे ढकलणं प्रत्येक प्राध्यापकाच्या मनावर असतं. मुलाला कोण न्यायला येऊ शकतं ती नावं लेखी द्यावी लागतात. माझ्या यादीत वसतिगृहातली एक इराणी मैत्रीण होती, तीही मुलाची आई. आम्ही एकमेकींची मुलं आणायचो. अशी एक व्यक्ती पहिल्या महिन्यातच शोधा, लाजू नका.

पैशाचं थोडक्यात: सरकारी आरोग्य विमा घेतलात तर मूल त्यातच फुकट येतं. तुम्ही शिकताना कामही करत असाल तर किंडरगेल्डसाठी, म्हणजे मुलासाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्यासाठी, अर्ज करता येतो. 2025 मध्ये ते महिना 255 युरो होतं.

हे सगळं देशागणिक बदलतं, हेही ध्यानात ठेवा. ब्रिटनमध्ये जानेवारी 2024 पासून नेहमीच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना मूल बरोबर नेताच येत नाही; संशोधन करणाऱ्यांना आणि सरकारी शिष्यवृत्तीवाल्यांनाच ती मुभा उरली. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसावरच्या बहुतेकांना पाळणाघराचं सरकारी अनुदान नाही, आणि न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात सरकारी शाळेलाही फी पडू शकते. विद्यापीठांच्या याद्या करताना रँकिंगशेजारी हा एक रकाना आखा. मला तो रँकिंगइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आमची लेक आता शाळेत जाईल. बर्लिनमध्ये 30 सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या वर्षी शाळा सक्तीची असते. फी नाही आणि सहावीपर्यंत दुपारचं जेवणही फुकट. पण सुट्टीखेरीज गावी जाणं बंद. किटातून तिला मी गणपतीला सोलापूरला नेऊ शकत होते, आता शाळेला विचारल्याशिवाय हलता येणार नाही आणि सणासाठी इतकी लांब रजा मिळणं कठीण. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं, मीच येते तिकडं. व्हिसाला काय काय कागद लागतात ते लिहून पाठव." ती यादी आज रात्री करायची आहे.